आधी घरात ठरवून या!

मंडळी, नामाचा गजर झाला, बुक्का लावून झाला, पेटीवाल्या नानांचा चहाही झाला. झाला ना हो, नाना? मान हलवतायत. म्हणजे दुसरा पण झाला! आता आख्यान. सावरून बसा. पण आख्यानाच्या आधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. सांगा मला — लेकराला जिंकायला शिकवावं, का हरायला?

सोपा वाटतो ना? बरं, जिंकायला म्हणणाऱ्यांनी हात वर करा. वा! निम्मा मंडप. आता हरायला म्हणणाऱ्यांनी... हाही निम्मा. पण अहो, खांबाला टेकलेले काका, तुम्ही दोन्ही वेळा हात वर केलात! झोपेत आहात का गोंधळात? काय म्हणता — गोंधळात? मग या, माझ्या शेजारी येऊन उभे राहा! माझंही तेच झालंय. हे आख्यान मी गावोगाव सांगतो, आणि दर वेळी वाटतं, आज तरी उत्तर सापडेल. नाही सापडत! आज मारुतिरायापुढं उभा आहे. मल्लांचा देव. तोच काही बुद्धी देईल तर बघू.

ऐका. कृष्णाकाठी एक गाव, बोरखिंड. गावात महिपती शेळके. साखर कारखान्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. आवाज असा, की ट्रॅक्टर बंद केला तरी लोकांना वाटावं, चालूच आहे! बायको वैजयंता. शिवणकाम करायची. बोलणं कमी, पण एकदा मनात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. आणि या दोघांची एकुलती एक लेक — राजनंदिनी. घरात नंदू. सातवीत शिकणारी.

पोरगी कुस्ती खेळायची. होय, कुस्ती! नाक मुरडू नका हो आजी, ऐका तर खरं. बापू वस्तादांच्या तालमीत, लाल मातीत, पोरांच्या बरोबरीनं जोर काढायची. त्या साली आसपासच्या जत्रांना गेली आणि सगळीकडं जिंकून आली. रेवड्या आणल्या, नारळ आणले. घरात इतकं खोबरं झालं की वैजयंतानं आमटीत खोबरं, भाजीत खोबरं — महिपती म्हणाला, 'आता चहात तरी घालू नकोस!'

आता गंमत बघा. ही पोर बापापुढं एक आणि आईपुढं एक! बापाला सांगायची, 'बाबा, त्या पोरीला काय बी येत न्हाई. हात लावायच्या आधीच पडली!' जेवल्यावर ताट उचलायची नाही. हरलेल्या पोरींच्या नकला करून दाखवायची. महिपती म्हणाला, झालं! हवा शिरली डोक्यात. आणि आईपुढं? कुस्तीच्या दिवशी सकाळी भाकरीचा घास तोंडात नुसता फिरायचा, घशाखाली उतरायचा नाही. हात गार. 'आई, हरले तर गं?' वैजयंता म्हणाली, लेकरू आतून पार घाबरलंय.

यातली खरी नंदू कुठली? सांगा! अहो, दोन्ही खऱ्या! तुम्ही साहेबापुढं एक आणि बायकोपुढं एक नसता का? हसताय काय! पण नवरा-बायकोनं एकमेकांना विचारलं का, की बाबा, तुला काय दिसतंय आणि मला काय दिसतंय? छे! एका ताटात जेवतील, एका पोरीचा विचार करतील, पण बोलतील? नाव नको.

अशात शाळेत पालक मेळावा निघाला. शहरातून एक सर आलेले, विषय मोठा झकास — खेळातून जीवनकौशल्ये! वैजयंता पुढच्या रांगेत जाऊन बसली. सर म्हणाले, 'पालकहो, मुलाला यशाची चव लागू द्या. जिंकलं की आत्मविश्वास येतो. आत्मविश्वास आला की मूल जगात कुठंही ताठ उभं राहतं.' वैजयंतानं मान डोलावली. आणि तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, नळाला पाणी आलं! आता मला सांगा माऊल्यांनो, नळाला पाणी आल्यावर जीवनकौशल्य मोठं का घागर मोठी? उठली. गेली.

दारात महिपती भेटला, कारखान्यावरून थेट आलेला. 'काय म्हणत्यात?' 'चांगलं बोलत्यात.' बस! एवढाच संवाद! ती गेली पाण्याला, हा बसला तिच्याच जागेवर. आणि सरांनी भाषणाचं पान उलटलं. 'पण पालकहो, मुलाला हरूही द्या! जे मूल मैदानावर हार पचवायला शिकत नाही, ते पुढं आयुष्यात मोडतं.' महिपतीच्या काळजात रुतलं ते.

सरांचं काही चुकलं का? नाही! दोन्ही खरंच बोलले. पण अर्धी कथा ऐकून उठणाऱ्यांचं काय होतं, तेच तर पुढं सांगायचंय. म्हणून ते मागच्या रांगेतले, चपला शोधणारे — बसा खाली!

बोरखिंडीची जत्रा आली. घरची जत्रा! आणि त्या साली बापू वस्ताद गावाशी भांडले, म्हणाले, आपल्या आखाड्यात पोरींची कुस्ती लावायचीच. म्हातारी मंडळी कुरकुरली, 'पोरींची कुस्ती म्हंजी नुस्ता देखावा.' पण वस्तादांनी ऐकलं नाही. जोड ठरली — आपली नंदू, आणि नदीपलीकडच्या माळेवाडीची हर्षदा पाटोळे. वस्तादांनी दोघींना खांद्याला खांदा लावून उभं केलं, मागून बघितलं, पुढून बघितलं. उंची सारखी, वजन सारखं, तयारी सारखी. म्हणाले, 'ही जोड खरी. कोण पडंल, मला बी सांगता यायचं न्हाई.'

त्या दिवशी नंदू घरी आली आणि आई-बापाला समोर बसवून म्हणाली, 'आजवर लढले त्या पोरी नवख्या हुत्या. हर्षदा तशी न्हाई. हिच्याशी लढले की मला कळंल, मी खरंच पैलवान हाय का न्हाई.'

ध्यानात ठेवा, मंडळी! पोरगी जिंकायचं म्हणाली नाही. हरायचं म्हणाली नाही. काय म्हणाली? मला कळंल! एवढंच हवं होतं तिला. दोघांनी ऐकलं, मान डोलावली — पण कानात अजून सरांचं अर्धं अर्धं भाषण!

जत्रेच्या आदल्या दिवशी सकाळी वैजयंता होडीनं नदी ओलांडून माळेवाडीला गेली. पिशवीत डबा, डब्यात डिंकाचे लाडू. पाटोळ्यांच्या घरी बसली. चहा झाला. मग हळूच हर्षदाच्या आईला म्हणाली, 'वहिनी, एक मागणं हाय. माझी पोर लई भितीय. घरच्या जत्रंत, सगळ्या गावादेखत पडली तर उभी राहायची न्हाई. हर्षदाला सांगा, जरा सैल लढ. एवढी एक कुस्ती.' हर्षदाची आई बिचारी पडली भिडेत. डबा तर हातात घेतलेला! म्हणाली, 'बरं वैनी.'

ही गेली. दुपारी कोण आलं? महिपती! हातात तुपाची बरणी. 'वहिनी, पोरगी लई चढून बसलीया. एकदा चांगली आपटली पायजे. हर्षदाला म्हणावं, दया करू नगंस. आन् काय डाव टाकायचा त्ये मी सांगतो — नंदूचा डावा पाय कच्चा हाय.' अरे! स्वतःच्या लेकीचा कच्चा पाय बाप दुसऱ्याला सांगतोय! आणि चेहरा कसा? मोठं पुण्याचं काम करतोय असा! हर्षदाच्या आईनं काय म्हणावं? पाहुणा दारात, बरणी हातात. 'बरं भावजी.'

आणि आत चुलीपुढं हर्षदा बसलेली. तोंडात लाडू! दोन्ही ऐकलं तिनं. बाहेर आली. 'आई, मग मी करू काय?' आई म्हणाली, 'आता दोघांचं बी घेतलंय गं बाई. दोघांचा बी मान राख!'

राखेल कसा, मंडळी? सांगा ना! मलाही सांगा!

कुस्तीत एक शब्द आहे — नुरा. आधीच ठरवून केलेली, खोटी कुस्ती. पैलवानाला चार शिव्या द्या, हसून सोडून देईल. पण 'नुरा खेळलास' म्हणा — अंगावर धावून येईल! महिपतीला हे ठाऊक नव्हतं? वैजयंताला ठाऊक नव्हतं? चांगलं ठाऊक होतं. पण आपण लेकीची कुस्ती नुरा करतोय, हे त्यांच्या मनालाही शिवलं नाही. त्यांना वाटलं, आपण संस्कार करतोय!

अहो, हा मारुतिराया बघा. जन्मला आणि सूर्याकडं झेपावला. तेव्हा अंजनीमाई काय सूर्याकडं डबा घेऊन गेली? 'भाऊ, माझं लेकरू उडी मारतंय, जरा खाली सरक!' गेली का? आणि केसरी महाराज मागच्या दारानं गेले का, 'याला जरा चटका दे, शहाणा होईल' म्हणून? नाही गेले. पण तुम्ही-आम्ही जातो. मारुतिराया, हसू नकोस रे बाबा!

जत्रेचा दिवस. आखाडा गच्च भरलेला. हलगी कडाडतेय. दोघी मातीत उतरल्या, माती कपाळाला लावली, हात मिळवले. पंचांनी इशारा केला — लढा!

नंदूनं झडप घातली. हर्षदा गुडघ्यावर आली. लोक ओरडले! आता पडणार — तेवढ्यात हर्षदाला तूप आठवलं! उसळली, नंदूचा डावा पाय खेचला, नंदू खाली. आता हिची पाठ मातीला लावणार — तेवढ्यात लाडू आठवला! पकड सोडली, उभी राहिली. पुन्हा भिडल्या. पुन्हा तेच. हर्षदा पडता पडता उठते, पाडता पाडता सोडते. हलगीवाला बिचारा टिपरू हातात धरून बघतच राहिला. एक म्हातारा शेजाऱ्याला विचारतोय, 'ह्या लढत्यात का फुगडी घालत्यात?' वस्ताद डोक्याचा फेटा काढून पुन्हा बांधतायत. त्यांनाही काही कळेना!

शेवटी नंदूच चिडली. 'अगं, नीट लढ की!'

आणि हर्षदाचा बांध फुटला. भर आखाड्यात, रडकुंडीला येऊन ओरडली, 'कशी लढू? तुझी आई सांगती पड, तुझा बाप सांगतो पाड! आधी घरात ठरवून या!'

झालं! पाच हजारांचा घोळका वळून शेळके नवरा-बायकोकडं बघायला लागला.

नंदूनं आईकडं बघितलं. आईनं बापाकडं बघितलं. बापानं आईकडं बघितलं. 'तू बी गेली हुतीस?' 'म्हंजी? तुमी बी?' 'पोरीला जिंकवाया?' 'आन् तुमी हरवाया? स्वतःच्या पोरीला?' तिथंच, भर गर्दीत, जुंपली दोघांची! लोक हसायला लागले. आणि मागून कुणीतरी बोंब ठोकली, 'नुरा! नुरा!' ती कुरकुरणारी मंडळी तर वाटच बघत होती. 'सांगितलं हुतं का न्हाई, देखावा म्हणून!'

नंदू मातीत उभी. ती हसली नाही, ओरडली नाही. चालत कडेपर्यंत आली, आईपुढं थांबली. म्हणाली, 'आई, मागच्या कुस्त्या?'

वैजयंताला कळेचना. 'कसल्या गं?'

'मागल्या सगळ्या. त्या मी जिंकले का तुमी?'

आई गं! वैजयंतानं गळ्याला हात लावला. 'देवाशपथ, नंदू! हीच एक. ह्याच येळंला गेले.' महिपती पुढं आला, 'आईशपथ, बाळा! मी बी ह्याच येळंला.'

पोरगी म्हणाली, 'मला कसं कळायचं?'

द्या उत्तर, मंडळी! आहे? इतके नारळ आणले पोरीनं, इतक्या वेळा तिला खांद्यावर घेऊन नाचले लोक — आणि एका क्षणात त्यातलं एकही तिचं राहिलं नाही. चोरानं नेलं असतं तर परत मिळालं असतं हो! हे आई-बापानं नेलं. मायेनं नेलं.

मग नंदू वळली. आखाड्याच्या मधोमध गेली आणि एक हात वर केला. आणि चालू लागली गोल, कडेकडेनं. जुन्या मंडळींना कळलं लगेच. पैलवान जोड मागतो ना, असा हात वर करून, आखाड्याला फेरी मारून — आहे का कुणी, या! मोठे मल्ल मागतात तशी जोड ही सातवीतली पोर मागत होती. डोळ्यांतलं पाणी गालावरच्या मातीतून ओघळतंय, पण हात खाली नाही. 'नुरा' ओरडणारे गप्प झाले.

कुणी पुढं येईना. पोरींत होतंच कोण कुस्ती खेळणारं? आणि मग बायकांच्या गर्दीतून आवाज आला, 'मी येते.' सुतारांच्या घरी पाहुणी आलेली पोरगी. अश्विनी नाव, लांबून डोंगराकडून आलेली. तिच्या शाळेत कुस्ती होती म्हणे. हिला ना महिपती ओळखत, ना वैजयंता. पण नंदूपेक्षा चांगली दांडगी! वस्ताद म्हणाले, 'पोरी, ही जोड बराबर न्हाई. जड हाय ती.' नंदू म्हणाली, 'असू द्या. पण हिला कुणी भेटलं न्हाई ना?'

इकडं दोघंही उठले! महिपती निघाला पंचांकडं — ही कुस्ती होऊ द्यायची नाही. वैजयंता निघाली लेकीला मातीतून ओढून आणायला. नंदूनं तिथूनच बघितलं त्यांच्याकडं. नुसतं बघितलं. आणि दोघं बसले, मंडळी. वैजयंतानं नवऱ्याचं मनगट धरलं, नवऱ्यानं तिचं. कोण कुणाला धरून ठेवतंय, कळत नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं, आणि ते कशावर? बसायचं!

हसू नका. आपलं लेकरू पडणार हे दिसत असताना बसून दाखवा एकदा. मोठमोठे ढेपाळतात हो!

कुस्ती लागली. हलगी घुमली. नंदूनं पट काढायला, म्हणजे पाय धरून पाडायला, झेप घेतली, अश्विनीनं मानेवर दाब दिला. सुटली. पुन्हा भिडली. एकदा तर अश्विनी पार झुकली, लोक उभे राहिले! महिपतीचे ओठ हलतायत, आवाज नाही. मग अश्विनीनं कंबर धरली, उचलली आणि टाकली. नंदूनं टाचा रोवल्या, डोकं रोवलं, अंगाची कमान केली — पाठ लागू द्यायची नाही! थरथरतेय, दात ओठांवर, पण कमान मोडेना. वैजयंतानं डोळे मिटले. पुन्हा उघडले. बघितलंच पाहिजे म्हणाली.

कमान मोडली. पाठ लागली. नंदू हरली.

टाळ्या कुणी वाजवायच्या, कुणालाच कळेना! आणि मग तो म्हातारा, फुगडी म्हणणारा, तोच उठला आणि लागला वाजवायला. मग सगळा आखाडा.

नंदू आली आई-बापाकडं. हमसून हमसून रडत होती. आई म्हणाली, 'लागलं का गं?' मान हलवली, नाही. बापाला काही तरी बोलायचं होतं. सरांचं वाक्य असेल तोंडात, गिळलं बहुतेक. नंदू हुंदके देत म्हणाली, 'हरले... पण ही माझी हाय.'

वैजयंता म्हणाली, 'मागल्या बी तुझ्याच हायत, बाळा. देवाशपथ.'

नंदूनं डोळे पुसले. म्हणाली, 'असतील.'

बघा! 'असतील' म्हणाली. 'आहेत' नाही म्हणाली. ते 'आहेत' आई-बापाला पुन्हा कधी मिळालं का, मला ठाऊक नाही. कुणी म्हणतं मिळालं, कुणी म्हणतं नाही.

मग काय शिकली हो पोरगी? जिंकायला? जिंकली तर नाही. हरायला? ती तर घरापर्यंत रडत गेली, रात्री जेवली नाही. बापाला हवं होतं ते झालं म्हणावं, तर तो आडोशाला जाऊन तोंड झाकून बसला. आईला हवं होतं ते झालं नाही म्हणावं, तर पोरगी हात वर करून सगळ्या गावापुढून फिरली! कोण बरोबर, कोण चूक? मला नाही उलगडत. एवढं मात्र दिसतं, की जे काही शिकली, ते दोघं बसले तेव्हाच शिकली.

आता तुमच्याकडं वळतो. हो, तुमच्याकडंच! शाळेच्या शर्यतीत पोराच्या कडेनं ओरडत पळणारे बाप इथं बसलेत. ओळखतो मी, दम लागलेला कळतो. संघात पोराचं नाव यावं म्हणून गुरुजींच्या घरी आंब्याची पेटी पोचवणारेही बसलेत. 'बाद नव्हता माझा सोन्या' म्हणून पंचांची गचांडी धरणाऱ्या माऊल्या बसल्यात. आणि दुसऱ्या टोकाचे — पोरगं बक्षीस घेऊन आलं तरी 'दुसराच नंबर का आला' विचारणारे! माया सगळ्यांचीच आहे. ती नाही असं मी म्हणत नाही. पण उद्या तुमचं पोर तुम्हाला विचारील, यातलं माझं कुठलं? तर काय सांगाल —

अरे, अरे! पडली ती! ती बघा, मागं, मंडपाच्या दोरीत पाय अडकून, पिवळ्या झग्यातली चिमुरडी. थांबा! माऊली, थांबा! धावू नका. अहो काका, तुम्हीही! एक क्षण... रडू फुटतंय... बघतेय इकडंतिकडं...

आणि बघा मंडळी, एवढं तोंड वाजवलं मी, आणि माझाच पाय पुढं पडला! चिपळ्या खाली टाकून निघालो होतो. कुणाला शिकवतोय मी?

उठली. झगा झटकला तिनं. गेली पुन्हा खेळायला. माऊली, तुम्ही अजून उभ्याच आहात. बसा. मीही थांबतो जागेवर. बोला — बजरंगबली की जय!